सेरेब्रल पाल्सी (सीपी) असलेल्या लेकीसाठी संगीतोपचार : मिरजेतला आठ-नऊ महिन्यांचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकते, कारण असे अनुभव वाचताना मी स्वतः शेवटच्या परिच्छेदावर उडी मारते. चालण्यात फरक पडला, आणि तो फिजिओच्या मोजणीतही दिसला. हाताच्या पकडीत थोडा पडला. बोलण्यात जवळजवळ नाही. लाळ गळते ती गळतेच. पैसे वसूल झाले का विचाराल, तर चालण्यापुरते झाले.

लेक सात वर्षांची. एकतिसाव्या आठवड्यात जन्मली. निदान स्पास्टिक डायप्लेजिया, म्हणजे सेरेब्रल पाल्सीचा तो प्रकार ज्यात हातांपेक्षा पाय जास्त ताठ असतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत मेंदूतल्या पोकळ्यांभोवतीच्या पांढऱ्या भागाला इजा होऊ शकते, आणि पायांकडे जाणारे तंतू नेमके त्या पोकळ्यांना खेटून जातात. म्हणून मार पायांना बसतो. जीएमएफसीएस या हालचालीच्या क्षमतेच्या मोजपट्टीच्या पाच पायऱ्यांत ती तिसरीवर आहे: घरात-शाळेत वॉकर, लांब जायचं तर व्हीलचेअर. पायांत एएफओ, म्हणजे घोट्याला आधार देणारे साचे. डावा पाय उजव्यापेक्षा हट्टी. फिजिओ दीड वर्षाची असल्यापासून चालू आहे, एकही महिना सुटलेला नाही. समज पूर्ण, आणि उत्तराला उत्तर द्यायला कुणाला ऐकायची नाही.

आम्ही सांगलीत गावभागात राहतो. सेंटर मिरजेत. एक फिजिओ आणि एक संगीतोपचार शिकलेल्या मॅडम मिळून चालवतात. आठवड्यातून दोनदा, पाऊण तास.

मिरजेत संगीतोपचार म्हटलं की लोकांचे डोळे चमकतात, हे आधीच सांगायला हवं. ज्या गावच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, जिथे अब्दुल करीम खाँसाहेबांनी आयुष्याची इतकी वर्षं काढली आणि जिथल्या दर्ग्याच्या आवारात ते विसावले आहेत, तिथे सुरांवर विश्वास असायचाच. खाँसाहेब प्लेगने आजारी असताना ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यापुढे गायले आणि बरे झाले, ही आख्यायिका आमच्या सासूबाईंनी मला लग्नानंतर पहिल्याच उरुसाला ऐकवली होती. श्रद्धा म्हणून मला ती गोड वाटते. पण या गोष्टीच्या पुण्याईवर दुकानं चालतात, ते गोड नाही. याआधी आम्ही एका ठिकाणी (नाव नको) चौकशीला गेलो होतो. भिंतीवर तक्ता: अमुक रागाने फिट्स, तमुक रागाने ताठरपणा. मुलाला हेडफोन लावून झोपवायचं, चाळीस मिनिटं, पॅकेजचे पैसे आगाऊ. मी विचारलं, ताठरपणा कमी झाला हे मोजणार कसं? उत्तर आलं, "ताई, तुम्हाला आतून जाणवेल." चपला घातल्या आणि निघाले.

आताच्या सेंटरवर पहिल्या दिवशी गाणंच झालं नाही. जमिनीवर चिकटपट्टीने १० मीटर आखलेले होते. लेकीला वॉकर घेऊन तेवढं चालायला लावलं, एकीने वेळ धरली, दुसरीने पावलं मोजली. ३१ सेकंद, मिनिटाला साधारण ६२ पावलं. मॅडमनी मोबाइलवरचा मेट्रोनोम ६२ वर लावला आणि त्या टकटकीवर खंजिरी धरली. म्हणजे सुरुवात मुलाच्या स्वतःच्या चालीपासून. ती त्या ठेक्यावर स्थिर चालायला लागली की पाच-दहा टक्क्यांनीच वेग वाढवायचा. तोही पेलला की पुन्हा थोडा. शेवटच्या दोन फेऱ्यांना खंजिरी एकदम थांबवतात आणि बघतात की चाल टिकते का. सुरुवातीला दोन-तीन पावलांत विस्कटायची. आता ती फेरी पुरी करते, आणि कान देऊन ऐकलं तर तोंडातल्या तोंडात 'धा गे ना ती' चाललेलं असतं.

हे का चालतं, ते मॅडमनी मला सांगितलं ते असं: ठेका ऐकू आला की मेंदू पुढच्या ठोक्याची वाट बघत थांबत नाही, तो कधी पडणार याचा अंदाज आधीच बांधतो. ऐकण्याची आणि हालचालीची केंद्रं आतून जोडलेली असल्यामुळे त्या अंदाजावर स्नायूंची तयारीही वेळेत सुरू होते. 'पाय उचल, पाय उचल' असं आपण तोंडाने म्हणतो, तेव्हा सूचना कानात पोचून पाय हलेपर्यंत पाऊल उशिरा पडतं. पुढच्या ठोक्याची वेळ मात्र तिला आधीच ठाऊक असते. मी सात वर्षं 'पाय उचल' म्हणत आले आहे, त्यामुळे मला हे लगेच पटलं.

आता माझ्या आवडीचा भाग. एका मात्रेला एक पाऊल धरा. केरवा तालाच्या मात्रा आठ, त्यामुळे सम, म्हणजे पहिली मात्रा, कायम एकाच पायावर येते, आणि पाचवी मात्राही त्याच पायावर. मॅडमनी सम डाव्या पायावर धरली. जोराचा ठोका नेमका त्याच पायावर, जो ती ओढत आणायची. काही आठवड्यांत टाच टेकवण्याचा प्रयत्न दिसायला लागला. मग दादरा आणला: सहा मात्रा, समेला डावा आणि चौथीला उजवा, म्हणजे दोन्ही पायांना वजन वाटून. रूपकाच्या सात मात्रांत तर समेचा पाय दर आवर्तनाला बदलतो; तो मात्र तिच्या डोक्यावरून गेला, दोन दिवस रुसली आणि आम्ही सोडून दिला. मी शाळेत असताना गांधर्वच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. मात्रांच्या या हिशेबाचा फिजिओथेरपीत उपयोग होईल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर तबल्याच्या सरांच्या हातून मार कमी खाल्ला असता.

आजची मोजणी: तेच १० मीटर २३-२४ सेकंदांत, पावलं मिनिटाला ७२ च्या आसपास. पाऊलही थोडं लांब पडतं. वॉकर सुटलेला नाही, सुटेल असं कुणी म्हटलेलंही नाही. पण वर्गातून बाथरूमला जाऊन यायला आता अर्धी तासिका जात नाही.

तानपुऱ्याबद्दल मात्र माझं मत कोरडं आहे. सुरुवातीची पाच मिनिटं तिला सतरंजीवर झोपवून तळपाय तानपुऱ्याच्या भोपळ्याला टेकवतात आणि तारा छेडतात. तिला गुदगुल्या होतात, आवडतं, शांत होते. फिजिओने स्नायूंचा ताठरपणा आधी आणि नंतर तपासला. फरक काही नाही. मॅडमनीच सांगितलं की हे तिला रमवण्यापुरतं आहे. चालू द्या म्हटलं.

आवाजाची एक बाजू फार कुणी सांगत नाही. ताठरपणा असलेली बरीच मुलं अचानक आलेल्या आवाजाने दचकतात, आणि दचकली की सगळं अंग ताठ होतं, पायांची कात्री होते. सासूबाई भजनी मंडळातल्या. त्यांनी उत्साहाने टाळ आणले आणि नातीच्या कानाशी खणकन वाजवले. नात वॉकरसकट मागे! सुदैवाने ह्यांनी धरलं. सेंटरवर कुठलंही वाद्य आधी दाखवतात, समोरून, हळू वाजवतात, मग आवाज वाढवतात. गणपतीत आमच्या गल्लीतून डॉल्बी जातो तेव्हा आम्ही आजही मागच्या खोलीत दार लावून बसतो. संगीतोपचारामुळे ही सवय मोडेल असं मला वाटलं होतं, मोडली नाही.

हातासाठी जे करतात ते वरवर खेळ वाटतो. पण खंजिरी कुठे धरायची, यातच सगळा व्यायाम आहे. टेबलापाशी उभं करून खंजिरी डावीकडे खांद्याच्या वर धरतात आणि उजव्या हाताने वाजवायला लावतात, म्हणजे कंबर वळते आणि वजन डाव्या पायावर जातं. अडचण होती ती खंजिरी वाजवायच्या काठीची. मुठीत ती फिरायची आणि तिसऱ्या ठोक्याला निसटायची. क्रेप बँडेज गुंडाळून पाहिलं, घामाने ओलं व्हायचं. शेवटी सतारमेकर गल्लीत एका कारागिराकडे गेलो. त्यांनी लेकीचा हात आपल्या हातात घेऊन मूठ तीन-चारदा उघडझाप करवली, मग सतारीची खुंटी जशी घडवतात तशी लाकडी मूठ घडवून दिली: मध्ये फुगीर आणि दोन बाजूंनी किंचित चपटी, म्हणजे फिरत नाही. दीडशे रुपये घेतले. ती मूठ आता चमच्यालाही बसवता येईल का, हे आमचे हे रविवारी घासकागद घेऊन बघत बसतात.

बोलण्याबद्दल. लांब स्वर ओढणे, पिपाणी फुंकणे, गाण्याची ओळ अर्धी सोडून शेवटचा शब्द तिला म्हणायला लावणे, हे सगळं झालं. हजेरीला 'हजर' आता मागच्या बाकापर्यंत पोचतं, एवढंच. कुणीतरी आम्हाला सांगितलं होतं की गाऊन बोलायला शिकवण्याची पद्धत आहे. आहे, १९७३ मध्ये अमेरिकेत मांडलेली, पण ती पक्षाघाताने वाचा गेलेल्या मोठ्या माणसांसाठी. आमच्याकडे शब्द डोक्यात ठासून भरलेले आहेत, जीभ आणि ओठ वळत नाहीत. त्याला स्पीच थेरपीच लागते, आणि ती आम्ही वेगळी चालू ठेवली.

जुलै-ऑगस्टात कृष्णेचं पाणी वाढलं आणि गावभागातली निम्मी घरं आवराआवरीला लागली. आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी, ४५ धोक्याची; आकडा चाळिशीकडे सरकला की आमच्याकडे कुणी थेरपीबिरपीचं नाव काढत नाही, सामान माळ्यावर चढवायला घेतात. पंधरा-वीस दिवस मिरज बंद. परत गेलो तेव्हा १० मीटरची वेळ २७ सेकंदांवर गेली होती. मिळवलेलं सगळं वाहून गेलं नव्हतं, पण सोडून चालणारही नाही, हे त्या खंडामुळे आकड्यात कळलं. पंधरवड्यात पुन्हा २४ वर आली.

घरी आम्ही जे करतो ते फुकट आहे: मोबाइलवर मेट्रोनोम, व्हरांड्यात दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. सासूबाई ठेक्यावर 'ग्यानबा-तुकाराम' म्हणतात आणि तिच्या पुढे उलट्या पावलांनी पावली घालत जातात. बहात्तराव्या वर्षी. मला त्या पडतील याचीच जास्त भीती वाटते.

थोडं शास्त्राबद्दल, कारण मुलांचे आईबाप मला हेच विचारतात. चालण्यासाठी ठेका वापरण्याची ही पद्धत १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत मायकेल थॉट आणि सहकाऱ्यांनी नीट बांधली. पक्षाघात आणि पार्किन्सनच्या रुग्णांपासून सुरुवात झाली. सीपीच्या मुलांवरचे अभ्यास आहेत, पण लहान गटांचे. ऑटिझमसाठी कुणी छातीठोक सांगत असेल तर २०१७ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला मोठा अभ्यास ध्यानात ठेवा: ९ देशांतली ३६४ मुलं, पाच महिने उत्स्फूर्त संगीतोपचार, आणि लक्षणांच्या तीव्रतेत नेहमीच्या उपचारांपेक्षा लक्षणीय फरक नाही. मुलाला मजा येत नाही असा याचा अर्थ नव्हे. आणि मुलाला फिट्स येत असतील तर न्यूरोलॉजिस्टला विचारूनच जा. संगीतानेच फिट येणारे रुग्ण फार विरळा, पण असतात.

खर्च: एका वेळचे ५०० रुपये, शिवाय बस किंवा रिक्षा. नॅशनल ट्रस्टच्या निरामय आरोग्य विमा योजनेत १ लाखापर्यंतचं संरक्षण आहे आणि फिजिओसाठी आम्ही त्याचा आधार घेतो, पण संगीताचे पैसे सगळे खिशातूनच गेले. दुसरी गोष्ट, भारतीय पुनर्वसन परिषदेच्या नोंदणीच्या यादीत स्पीच थेरपिस्ट आहेत, विशेष शिक्षक आहेत, संगीतोपचारक नाहीत. म्हणजे पाटी कुणीही लावू शकतं. म्हणून समोरच्याला दोनच प्रश्न विचारा: माझ्या मुलाचं काय मोजणार आणि सोबत फिजिओ कोण आहे. या सेंटरबद्दलची माझी तक्रारही लिहून ठेवते: वेळा पाळत नाहीत. पाचची वेळ दिली तर साडेपाचला आत घेतात, आणि बाकावर बसून कंबर आखडलेलं पोर मग पहिली दहा मिनिटं वाया घालवतं. दोनदा बोलले, चार दिवस सुधारतात.

दिवाळीनंतर पोटरीत बोटॉक्सची इंजेक्शनं द्यायचं ठरतंय. त्याचा परिणाम तीन-चार महिने राहतो आणि स्नायू सैल असताना चालण्याचा सराव जितका जास्त तितका बरा, असं फिजिओंचं म्हणणं. त्या काळात आठवड्यातून तीनदा मिरजेला न्यायचं की दोनदा नेऊन बाकीचं व्हरांड्यात भागवायचं, यावर घरात अजून एकमत नाही. लेक म्हणते तीनदा, पण तिचा डोळा येताना स्टँडवर मिळणाऱ्या भडंगावर आहे.