क्वार्टभर हेवी क्रीम: केकला निम्मं, तुपाला निम्मं

न्यू जर्सीत आल्यापासून केकसाठी मी हेवी व्हिपिंग क्रीमचा क्वार्टचा डबा आणते. ९४६ मिली! केकला निम्मंच लागतं, आणि एकदा फोडला की आठवडाभरात संपवायला हवा. सिंकमध्ये ओतलं तर पाइपात चरबी गोठते. शिवाय मला अन्न टाकवत नाही.

या वेळी उरलेल्या अर्ध्या लिटरला चमचाभर दही लावून विरजलं, सकाळी फ्रिजमध्ये गार केलं आणि बर्फाचं पाणी घालून मिक्सरमधून फिरवलं. पाच मिनिटांत लोण्याचा गोळा वर! एवढ्या लोण्यासाठी आई कितीतरी दिवस साय साठवायची. इथे हेवी क्रीममध्ये किमान ३६ टक्के स्निग्धांश असावाच लागतो, म्हणून दीडशे ग्रॅमहून जास्त तूप कढलं. रवाळ, खमंग. बेरीत साखर घालून लेकीनं पातेलंच चाटूनपुसून साफ केलं. ताकाची कढी झाली.

तक्रार एकच. माझ्या डब्यातल्या क्रीममध्ये जेलन गम (दाटपणासाठी घालतात तो डिंकासारखा पदार्थ) होता, त्यामुळे ताक किंचित बुळबुळीत लागलं. घटकांमध्ये नुसतं ‘क्रीम’ लिहिलेला डबा मिळाला तर तोच घ्या, चार पैसे जास्त पडले तरी.