वेंगुर्ल्यातलं नवं किचन: खर्चाचा अंदाज, खरा खर्च आणि चौदा महिन्यांचा अनुभव

मागच्या शिमग्याच्या आठ दिवस आधी आमच्याकडे नवीन किचन बसलं. यंदाचा शिमगा होऊनही दोन महिने झाले. मधे अख्खा पावसाळा गेला, म्हणून आता लिहिते आहे. त्याआधी लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं.

आमचं घर वेंगुर्ल्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती, स्वयंपाकघर पश्चिमेला, म्हणजे पावसाची झड थेट त्याच भिंतीवर. आधी कडप्प्याच्या फळ्यांवर डबे असायचे. ओटा ग्रॅनाइटचा होता, तो तसाच ठेवला.

पहिलं कोटेशन एका ओळीचं होतं: एल आकाराचं किचन, मरीन प्लाय (पाण्याला टिकणारं प्लायवूड), १ लाख २० हजार. शेवटी माझ्या हातून गेले १ लाख ८१ हजार ४८५. दीडपट! हा फरक कुठून आला ते सांगण्यासाठीच हा सगळा प्रपंच.

इकडे दर लावतात तो चौरस फुटावर, तोही समोरून दिसणाऱ्या भागाचा. आमच्या ओट्याची एक बाजू १० फूट, दुसरी ६ फूट. मिस्त्रींनी सरळ १६ फूट धरले. मी टेप घेऊन पुन्हा मोजलं, तर दोन बाजू जिथे मिळतात तो २ फुटांचा कोपरा दोनदा मोजला गेला होता. विचारलं तर म्हणाले, "वैनी, कोपरो सगळेच दोनदा धरतत." मी म्हटलं, कोपरा एकदाच धरला तर होतात १४ फूट, मग पैसेही १४ फुटांचेच. उंची पावणेतीन फूट, दर १,५००, म्हणजे त्या एका कोपऱ्याचे ८,२५० रुपये वाचले. तुम्ही किचन करून घेणार असाल तर सगळ्यात आधी हा कोपरा मोजा.

मग नीट हिशोब झाला. खालचे बॉक्स साडेअडतीस चौरस फूट, वरचे १८, उभं कपाट १४. एकूण साडेसत्तर, त्याचे १,०५,७५०. माळ्याला नुसती शटर लावायची होती, तिथे २० चौरस फूट ६०० च्या दराने १२,०००. इथवर आकडा पहिल्या कोटेशनच्या आसपासच होता. पण ट्रॉल्या, बाटल्यांचं पुलआउट (बाहेर ओढायचा उभा कप्पा), हळू बंद होणाऱ्या बिजागऱ्या आणि हँडल चौरस फुटाच्या दरात धरलेले नव्हते. त्यांचे २८,००० झाले. वर १८ टक्के जीएसटी, २६,२३५. टेम्पोभाडं आणि चिमणीसाठी विजेचा पॉइंट हलवायचं काम, साडेनऊ हजार. कोटेशन हातात आलं की एकच विचारा: यात काय काय धरलेलं नाही? ते उत्तर लिहून घ्या.

एक गोष्ट मला उशिरा लक्षात आली. खालचा बॉक्स २२ इंच खोल, वरचा जेमतेम १२. प्लाय बराच कमी लागतो, दर मात्र तोच. वरच्यासाठी फुटामागे २०० रुपये कमी मागायला हवे होते.

आता वापराचं. प्लायच्या बाबतीत मी हट्टाने एक केलं, कापायच्या आधी प्रत्येक तक्त्यावरचा आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा शिक्का पाहिला. हाच खरा मरीन प्लाय. त्याच्या चाचणीत तो ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात, तरी त्याचे थर सुटता कामा नयेत. आमचे बॉक्स आजही सरळ आहेत, शटर घासत नाहीत. शेजारच्या काकूंनी शहरातून एमडीएफचं (लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं) तयार किचन आणलं. दिसायला आमच्यापेक्षा देखणं होतं, पण गणपतीपर्यंत त्यांच्या सिंकखालच्या शटरचा तळ पुरीसारखा फुगला.

आमच्याकडे दगा दिला तो लोखंडाने. बिजागऱ्या चांगल्या, पण त्यांचे स्क्रू साधे होते. श्रावणात एक दिवस सिंकखालचं दार उघडलं, तर पांढऱ्या लॅमिनेटवर प्रत्येक स्क्रूखाली तपकिरी ओघळ. पुसून जाईनात. सगळे स्क्रू स्टेनलेसचे घालून घेतले, खर्च फार नाही, पण डाग राहिलेच.

ट्रॉल्यांचंही तसंच. "एसएस आहे", म्हणजे स्टेनलेस स्टील, एवढ्यावर मी विश्वास ठेवला. दुकानदाराने लोहचुंबक लावून दाखवलं, चिकटलं नाही, मी खूश. नंतर कळलं की स्वस्तातल्या २०२ ग्रेडलाही लोहचुंबक चिकटत नाही. त्यात निकेल कमी असतं आणि खाऱ्या हवेत ते लवकर गंजतं. आमची आगळाची (कोकमाच्या खारवलेल्या रसाची) बाटली एकदा रात्रभर गळत राहिली. आंबट आणि मीठ दोन्ही एकत्र! सकाळी पुसलं तेव्हा काही दिसलं नाही, पण पंधरा दिवसांत तारेवर सुईच्या टोकाएवढे काळे खड्डे पडले. बोट फिरवलं की अजून लागतात. बिलावर "३०४" असं लिहून घ्या, त्या ग्रेडमध्ये निकेल जास्त असतं. ३०४ वरसुद्धा समुद्राजवळ चहासारखे डाग येतात, पण गोड्या पाण्याच्या फडक्याने महिन्यातून एकदा पुसलं तर टिकतं. आगळ, लोणची आणि मिठाची बरणी मी आता ओट्यावर काचेच्या ट्रेमध्येच ठेवते.

बॉक्स चार इंची पीव्हीसीच्या पायांवर उभे आहेत, तो निर्णय उत्तम ठरला. खालची पट्टी काढून लादी पुसता येते, वाळवी आहे का तेही बघता येतं. पश्चिमेच्या भिंतीला मात्र मागची ६ मिलीमीटरची फळी थेट टेकवली होती. चिरा पाणी ओढतो. भाद्रपदात त्या फळीला हिरवट बुरशी आली, डाळीच्या डब्यांना कोंदट वास यायला लागला. फळीच्या मागच्या कडांना एज बँड (कड झाकणारी पट्टी) लावलेलाच नव्हता, ओल तिथूनच शिरली.

ती फळी या आठवड्यात काढतो आहोत. भिंतीपासून एक इंच पुढे घेऊन, चारही कडा बंद करून पुन्हा बसवायची आहे. मिस्त्रींनी मजुरीसकट २,२०० सांगितले आहेत आणि पाऊस सुरू व्हायच्या आत करून देतो म्हणाले आहेत.