कॉम्पेता की पिनोसो? स्पेनच्या किनाऱ्यामागचं निवृत्तीचं घर

नेर्हा किंवा तोर्रेव्हिएहासारख्या भूमध्य किनाऱ्यावरच्या गावांत घरांचे भाव पाहिले की बोट आपोआप नकाशावर आत सरकतं. पंधरा-वीस किलोमीटर डोंगरात किंवा पन्नास किलोमीटर पठारावर गेलं की ऊन तेच, वाइन तीच आणि भाव खाली येतात. हे भाव उतरण्याचं मुख्य कारण एकच: तिथे गाडीशिवाय चालत नाही. म्हणून ही तुलना एकच प्रश्न मनात धरून केली आहे. ज्या दिवशी तुम्ही गाडी चालवणं सोडाल, त्या दिवसापासून ते गाव कसं असेल?

निवडलेली गावं दोन. आंदालुसियातल्या मालागा प्रांतातलं कॉम्पेता आणि व्हॅलेन्सिया प्रदेशातल्या आलिकांते प्रांतातलं पिनोसो. दोन्हीकडे ब्रिटिश निवृत्तांची जुनी वस्ती आहे, त्यामुळे इंग्रजी बोलणारा प्लंबर सापडतो. मराठी माणसांची वस्ती मात्र कुठेच नाही, ती अपेक्षा धरून जाऊ नका.

गाव कसं आहे

कॉम्पेता हे आक्सार्किया डोंगरातलं सुमारे ६४० मीटर उंचीवरचं पांढऱ्या घरांचं गाव. लोकवस्ती चारेक हजार. खाली तोर्रोक्सचा किनारा दिसतो, पण तिथे पोचायला वळणावळणांचा घाट उतरावा लागतो. मस्कात जातीची द्राक्षं उन्हात पसरून मनुका करण्याची इथली पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने २०१७ साली जागतिक कृषी वारसा म्हणून नोंदवली. १५ ऑगस्टला आपल्याकडे झेंडावंदन असतं, तेव्हा इथे ‘वाइनची रात्र’ साजरी होते. खालच्या उतारांवर आंबेही पिकतात. हापूसची सवय असलेल्याने पहिल्या घासाला काही बोलू नये, दुसऱ्यापर्यंत थांबावं.

पिनोसो देखणं नाही, हे आधीच सांगतो. द्राक्षमळ्यांच्या पठारावरचं आठेक हजार वस्तीचं कष्टकरी गाव. शेजारच्या मोंते कोतो डोंगरात क्रेमा मार्फिल संगमरवराची प्रचंड खाण आहे, आणि तिच्या उत्पन्नामुळे इथल्या पालिकेच्या हाती त्याच आकाराच्या गावांपेक्षा जास्त पैसा राहिला. गावाची शान म्हणजे द्राक्षवेलीच्या काटक्यांवर शिजवलेला ससा आणि गोगलगायींचा भात. शाकाहारी पाहुण्याने आमंत्रण स्वीकारण्याआधी चौकशी करावी.

चढ, थंडी, पाणी

फोटोत कॉम्पेता जिंकतं, गुडघ्यांच्या हिशेबात हरतं. गल्ल्या म्हणजे पायऱ्या आणि उतार. भाजी घेऊन घरी येणं हाच व्यायाम. पिनोसोचा मधला भाग बऱ्यापैकी सपाट आहे. फार्मसी, बाजार, दवाखाना, सगळं पायी होतं.

थंडीत मात्र पारडं उलटं झुकतं. कॉम्पेता दक्षिणेकडे तोंड करून बसलंय, समुद्राची ऊब वर येते. पिनोसोच्या जानेवारीतल्या रात्री शून्याच्या आसपास जातात. जुनी स्पॅनिश घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, फरशी बर्फासारखी गार. ‘स्पेन म्हणजे ऊन’ असं मानून गेलेली माणसं डिसेंबरात ब्युटेन गॅसचे नारिंगी सिलिंडर वाहताना दिसतात.

पाण्याचा प्रश्न दोन्हीकडे आहे, कॉम्पेताच्या भागात जास्त. आंबा आणि अ‍ॅव्होकॅडोच्या बागा वाढत गेल्या आणि २०२४च्या सुरुवातीला ला विन्युएला धरण तळाला गेलं. २०२५च्या मार्चमधल्या पावसाने साठा सावरला. पण उसासाठी धरणं आटताना पाहिलेल्या मराठी वाचकाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

कागद

इथे मी जरा जास्त थांबणार, कारण स्वस्त घराची खरी मेख इथेच असते.

‘नोता सिंप्ले’ हा नोंदणी कार्यालयाचा उतारा म्हणजे तिथला सातबारा समजा. त्यावर जमीन ‘उर्बानो’ आहे की ‘रुस्तिको’ ते बघा. रुस्तिको म्हणजे एनए न झालेली शेतजमीन. आक्सार्कियात अशा जमिनींवर हजारो बंगले परवान्याविना उभे राहिले. त्यांच्यासाठी आंदालुसियात ‘आफो’ नावाचा दाखला आहे. आपल्या गुंठेवारीची आठवण येईल, पण हा त्याहून तोकडा. घराचं अस्तित्व मान्य होतं, वीज-पाण्याची जोडणी मिळू शकते, पण घर पूर्णपणे कायदेशीर ठरत नाही आणि वाढवताही येत नाही. आल्मेरियातल्या आल्बोक्सच्या परिसरात भाव याहूनही खाली असतात, पण अनधिकृत घरांचा घोळ तिथे इतका जुना आहे की ते गाव मी यादीतूनच काढलं. पिनोसोच्या बाहेरच्या शेतघरांनाही हेच तपासणं लागू आहे. काही घरं तर विजेच्या तारेपासून दूर, नुसत्या सौर पॅनेलवर चालतात.

वकील स्वतः शोधा, दलालाने सुचवलेला नको. आणि घर गावाच्या हद्दीतलंच घ्या, रानातलं नको.

जुन्या घराच्या खरेदीवर आंदालुसियात ७ टक्के हस्तांतरण कर आहे. व्हॅलेन्सियात तो अनेक वर्षं १० टक्के होता, जून २०२६पासून ९ टक्के ठरलाय. १,२०,००० युरोंच्या घरावर म्हणजे ८,४०० विरुद्ध १०,८००. फरक आहे, पण एवढ्यासाठी पायऱ्या चढू नका.

तुमचा पासपोर्ट

भारतीय किंवा ब्रिटिश पासपोर्टवर कायम राहायला ‘नॉन-लुक्रेटिव्ह’, म्हणजे तिथे न कमावता राहण्याचा, व्हिसा लागतो. घर घेऊन मिळणारा गोल्डन व्हिसा एप्रिल २०२५मध्ये बंद झाला. उत्पन्नाची अट ‘इप्रेम’ या स्पेनच्या सरकारी उत्पन्न-निर्देशांकाच्या चौपट, म्हणजे महिना २,४०० युरो, जोडीदारासाठी आणखी ६००. युरो शंभर रुपयांचा धरला तरी दोघांना महिना तीन लाख दाखवावे लागतात, आणि तिथे नोकरी करायची नाही. खासगी आरोग्य विमाही हवा. सत्तरीनंतर नवा विमा मिळणं अवघड होतं, म्हणून हा निर्णय फार लांबवू नका. वर्षभर राहिल्यावर सरकारी आरोग्यसेवेत पैसे भरून शिरता येतं: ६५च्या आत महिना ६० युरो, पुढे १५७. ब्रिटनचं सरकारी पेन्शन घेणाऱ्यांना एस-वन या ब्रिटिश फॉर्मवर, ब्रिटनच्या खर्चाने, ही सेवा मिळते.

पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमधल्या स्विंडनमध्ये स्थिरावलेल्या गोवेकरांचं मात्र वेगळं आहे. ते युरोपीय संघाचे नागरिक, त्यांना हा व्हिसा लागतच नाही. जाऊन, पुरेसं उत्पन्न आणि आरोग्य विमा दाखवून नोंदणी केली की झालं. या लेखातला सर्वांत सोपा मार्ग त्यांचाच.

आता पुन्हा गाडी. ब्रिटिश परवाना २०२३पासून बदलून मिळतो, पोर्तुगीज तसाच चालतो. भारतीय परवाना मात्र रहिवासी झाल्यावर सहा महिनेच चालतो, मग परीक्षा पहिल्यापासून. लेखी इंग्रजीत देता येते, रस्त्यावरची स्पॅनिश सूचना ऐकत. पासष्टीनंतर दर पाच वर्षांनी वैद्यकीय तपासणी. पुणे-मुंबईहून थेट जाणाऱ्यांनी ही अट घराच्या किमतीआधी वाचावी.

आणि १८३ दिवसांहून जास्त राहिलात की कर तिथे. पुण्यातला फ्लॅट, मुंबईतल्या ठेवी, यांपैकी कुठल्याही एका प्रकारात ५०,००० युरोंच्या वर मालमत्ता असेल तर ती ‘मोदेलो ७२०’ या परदेशी मालमत्तेच्या विवरणपत्रात दाखवावी लागते.

माझा कौल

दवाखान्यापर्यंतचा रस्ता मी शेवटी मोजला. कॉम्पेताहून वेलेस-मालागाचं जिल्हा रुग्णालय, आधी घाट उतरून. पिनोसोहून एल्दाचं, बहुतेक मोकळा रस्ता. साठीच्या आतले, पाय धड, स्वतः गाडी हाकणारे आणि समुद्र दिसल्याशिवाय करमत नाही असे असाल, तर कॉम्पेता घ्या आणि दहा वर्षांनी विकायची तयारी ठेवा. मी स्वतः पिनोसोच घेईन, गावातलं, तळमजल्यावरचं, जाड भिंतींचं.

पण आधी जानेवारीत जा. पंधरा दिवस भाड्याने राहा आणि पहिला आठवडा गाडी घेऊ नका. दूध, औषध, डॉक्टर आणि बसचं वेळापत्रक, एवढं त्या आठवड्यात पायी करून बघा.