साताऱ्यातला आमचा जुना चटणीचा डंख

यंदाची वर्षाची चटणी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या जुन्या डंखावर, म्हणजे मिरची-मसाला कांडायच्या यंत्रावर, कांडून आणली. 'आमच्या' हे सवयीनं म्हणते. डंख माझ्या आजोबांचा, आबांचा. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि आता त्यांच्याच हाताखाली राबलेल्या गड्याचा मुलगा तो चालवतो. तेव्हा माझं मत निःपक्षपाती धरू नका.

माल असा: दोन किलो ब्याडगी रंगाला, एक किलो संकेश्वरी तिखटाला. धने, तीळ, खोबरं, दगडफूल, नागकेशर घरूनच भाजून-तळून नेलं होतं, कांदा-लसूण-आलं-कोथिंबीर वेगळ्या डब्यात. पोरानं आधी मिरची कांडून चाळली, मग खडा मसाला घातला, ओलं वाटण आणि खडेमीठ शेवटी. क्रम चोख. डंखात लोखंडी मुसळं नुसती वर-खाली आपटतात, चक्कीसारखी मिरची तापून करपत नाही. घरी येऊन डब्यात बोट घातलं तर लाल तेलाचा डाग साबणानंही लवकर गेला नाही. भावही रास्त वाटला.

आबा १९६४ ला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. बेळगावला ट्रेनिंग, मग पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण. १९७१ च्या डिसेंबरात, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या लढाईत होते. आम्ही नातवंडं खोदून खोदून विचारायचो, तर म्हणायचे, "ब्रह्मपुत्रेचं पाणी लई गार व्हतं." बास, युद्धकथा संपली. डाव्या कानानं कमी ऐकू यायचं, पण तो कान पलटणीत गेला की डंखाच्या धडधडीत, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

१९८१ ला पेन्शनीवर आले आणि डंख टाकला. सकाळी सातला शटर वर. बायांचे डबे भिंतीकडेनं एका रेषेत, प्रत्येकावर खडूनं नंबर. एकदा एका साहेबांची बायको नंबर सोडून पुढं आली, तर आबा तिला म्हणाले, "बाईसाहेब, फॉलिन मागनं व्हतंय." आजी आठवडाभर घाबरून होती. काही झालं नाही.

दोन गिऱ्हाइकांच्या मधे आबा उखळात मूठभर तांदूळ कांडायचे, म्हणजे पहिलीचा मसाला दुसरीच्या चटणीत जाऊ नये. तो लाल तांदूळ फेकून द्यायचे. माल आत घेताना वजन, बाहेर देताना वजन, दोन्ही आकडे पाटीवर. चाळणीखाली सांडलेलं ब्रशनं गोळा करून कागदाच्या पुडीत बांधून द्यायचे. तोंडाला पलटणीतला हिरवा टॉवेल, ओला करून. शिंकताना मी त्यांना कधी पाहिलं नाही, आम्ही मात्र गल्लीच्या तोंडापासूनच सुरू व्हायचो.

आता पाटी भिंतीवर आहे, पण तिच्यावर मोबाइल नंबर लिहिलाय. फोन करून वेळ मिळते, ही सोय झाली हे कबूल. तरी मला सव्वा तास बसवलं, कारण मधेच कुणाची तरी पाहुणी घुसली. तांदूळ कांडतात, पण मी मागितला तेव्हा. बाहेर देतानाचं वजन झालं नाही. पुडी मात्र मिळाली, न मागता. "आबांनी सांगितलंय," पोरगा म्हणाला, आणि परत उखळात बघायला लागला.

जायचं असेल तर एप्रिलातच जा, मेमध्ये सुट्टीची गर्दी असते आणि वळवाचा भरवसा नाही. डबे कोरडे न्या. हिंगाचे खडे वेगळे ठेवा, ते बरणीत वर टाकायचे असतात.

पाचपैकी चार स्टार. आबा देठासकट मिरची आत घ्यायचेच नाहीत, कोण का असेना, परत पाठवायचे. माझ्या पिशवीत निदान पाव किलो तरी देठाची होती. पोरानं बघितलं आणि गपचूप घेतली. तो एक स्टार त्याचा कापला.