मामाचा ऑलिम्पस म्यू-टू आणि भर दुपारचा फ्लॅश

धाकट्या बहिणीच्या हळदीला मी मामाकडून त्याचा ऑलिम्पस म्यू-टू मागून आणला. १९९७ साली बाजारात आलेला हा फिल्म कॅमेरा मुठीत मावतो, पुढचं झाकण सरकवलं की सुरू होतो. त्याच्या ३५ मिमी, एफ २.८ लेन्सचं कौतुक सगळेच करतात. मी त्याच्या इवल्याशा फ्लॅशच्या प्रेमात पडले. तीन रोल संपवले, आणि त्यातले जिवाजवळचे फोटो जवळजवळ सगळे फ्लॅशचे निघाले, तेही दुपारचे!

आजी उंबऱ्यात बसली होती. मागे अंगणात पांढरंशुभ्र ऊन. अशा वेळी चेहरा काळवंडतो. मी फ्लॅशचं बटण दाबत फिल-इनवर आणलं, म्हणजे उजेड असला तरी फ्लॅश उडतोच, आणि दीड मीटरवरून फोटो घेतला. आजीच्या सुरकुत्या आल्या, नाकातली मोरणी चमकली आणि मागचं अंगणही जागच्या जागी राहिलं. ऑटोवर कधी उडायचं ते कॅमेरा ठरवतो. माणसांच्या फोटोत ते मी त्याच्यावर सोडत नाही. मात्र झाकण बंद केलं की हा पुन्हा ऑटोवर जातो, त्यामुळे प्रत्येक वेळी नव्याने बटण दाबायची सवय लावून घ्यावी लागते.

लांबचा पल्ला याच्याकडून मागू नका. १०० आयएसओच्या फिल्मवर (हा आकडा जितका मोठा, तितकी फिल्म कमी उजेडातही चालते) फ्लॅशचा उजेड जेमतेम चार मीटर पोचतो. ४०० ची घातली तर पल्ला दुप्पट होतो, म्हणून घरच्या कार्याला मी ४०० चीच घालते. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो. मावश्यांच्या घोळक्यात नेमकं हेच झालं: पुढची मावशी पांढरीफटक, मागची अंधारात. मग सगळ्यांना चंद्रकोरीसारखं उभं केलं, म्हणजे प्रत्येकीचं माझ्यापासूनचं अंतर सारखं. भिंतीला टेकलेल्यांना दोन पावलं पुढे बोलावलं, नाहीतर डोक्यामागे काळी सावली चिकटते. उभा फोटो घेताना फ्लॅश वरच्या बाजूला ठेवा. खालून आलेल्या उजेडात चांगला चेहराही भेसूर दिसतो.

नवरी आणि करवली शेजारी बसल्या होत्या, मध्ये वीतभर फट. कॅमेऱ्याने त्या फटीतून मागच्या भिंतीवर फोकस धरला आणि दोघी पुसट आल्या. पुढच्या वेळी एकीच्या चेहऱ्यावर बटण अर्धं दाबून धरलं, मग चौकट जुळवली. ओली हळद फ्लॅशमध्ये फार चकाकते, म्हणून जरा बाजूने घ्यावं. चष्मेवाल्यांना हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगावं.

डोळे लाल येऊ नयेत म्हणून जो मोड आहे, तो मी सोडून दिला. खऱ्या फोटोआधी तो लुकलुकतो. आजीला वाटलं झालं, "आला का गं?" म्हणत तिने मान वळवली, आणि तेवढ्यात फोटो निघाला. त्यापेक्षा माणसाला दिव्याजवळ आणलं की बुबुळांतली बाहुली आपोआप लहान होते आणि लाली कमी येते.

संध्याकाळी मांडवातल्या माळा लागल्यावर रात्रीचा मोड लावला. फ्लॅश माणसाला पकडतो आणि शटर उघडं राहून मागचे दिवे टिपतं. मी कोपर खांबाला टेकवलं आणि सगळ्यांना आधीच सांगितलं, "फ्लॅश उडाला तरी हलू नका." तो फोटो आईने फ्रेम करून घेतलाय.

जुना कॅमेरा विकत घेणार असाल तर सीआर१२३ए बॅटरी स्वतःची नवी घेऊन जा. फिल-इन लावा आणि फ्लॅश पाच-सहा वेळा उडवून बघा. प्रत्येक वेळी उडाला, पुन्हा तयार व्हायला फार वेळ लागला नाही, तरच पैसे काढा.