अगत्तीचं डायव्हिंग पॅकेज: पाण्याखाली पैकीच्या पैकी, जमिनीवर बोंब

२०२४ मध्ये गोव्याच्या मोपा विमानतळाहून अगत्तीला ते छोटं एटीआर विमान सुरू झालं आणि लक्षद्वीप आम्हा गोंयकारांच्या टप्प्यात आलं, नाहीतर आधी कोची गाठा मग तिथून विमान किंवा जहाज, असला द्राविडी प्राणायाम. फोंड्यातले आमचे मित्र सगळे एकच विचारतात, आपल्या गोव्यातच ग्रँड आयलंडला डायव्हिंग होतंच की, मग तिथे जाऊन एवढे पैसे कशाला घालवायचे? तर ऐका.

ग्रँड आयलंडला इन्स्ट्रक्टर मागून टाकी धरून आपल्याला फिरवतो, पाणी बहुतेक वेळा गढूळ, फोटो काढला की वर, मग बोटीवर गाणी आणि बिअर. मजा येते, नाही कोण म्हणतो. पण अगत्तीत आधी लगूनच्या, म्हणजे पोवळ्यांच्या रांगेच्या (रीफच्या) आतल्या शांत, उथळ भागाच्या, कंबरभर पाण्यात नीट शिकवलं, मास्कमध्ये पाणी शिरलं तर नाकाने फुंकून कसं काढायचं, कान कसे मोकळे करायचे, आणि मगच बाहेर रीफवर नेलं. सर्टिफिकेट नसेल तर बारा मीटरच्या खाली नेत नाहीत. उतरताना माझा डावा कान अडकला, मी खूण केली, तिथल्या इन्स्ट्रक्टर पोराने मला थोडं वर घेतलं आणि कान सुटेपर्यंत शांतपणे थांबून राहिला, मागे बाकीचे ताटकळत होते तरी. याला पाच स्टार.

पोवळी सगळी रंगीबेरंगी असतील या भ्रमात जाऊ नका. १९९८, २०१० आणि २०१६ला पाणी तापून पोवळी पांढरी पडली होती, त्यामुळे बरीच करडी, मेलेली दिसतात, ब्रोशरमध्ये हे कोण सांगणार? पण मासे आहेत, पॅरटफिश पोवळ्यावरचं शेवाळ खरवडतो त्याचा कुरुमकुरुम आवाज पाण्याखाली चक्क ऐकू येतो. लगूनमध्ये हिरवी कासवं भरपूर, आम्ही खूश, तिथले मच्छीमार वैतागलेले, कारण कासवं समुद्री गवत फस्त करतात आणि त्या गवतात वाढणारे मासे कमी होतात असं त्यांचं म्हणणं.

आता बोंब. पॅकेजमधली 'लोकल कल्चर टूर' म्हणजे गाडीत घालून दोन बीच आणि एक दुकान, बस्स. खरं काय ते होमस्टेच्या काकींमुळे बघायला मिळालं. त्यांच्या परसात टूना उकडून, धुरी देऊन, उन्हात वाळवून 'मास' करतात, तुकडा लाकडासारखा टणक, हातात घेऊन आपटला तर टक्क वाजतो. तो कुटून खोबऱ्याबरोबर परतून भातावर दिला, आमच्या घरची सुक्या बांगड्याची किसमूर त्यापुढे फिकी (आईला सांगू नका). हा टूना जाळ्याने नाही, गळाच्या काठीने धरतात, आधी जिवंत बारीक मासळी पाण्यात टाकून थवा वर आणायचा, गळाला अडकवून ठेवणारा उलटा काटा नसतो त्यामुळे मासा झटक्यात सुटून बोटीत पडतो.

वाऱ्यामुळे एक डायव्ह रद्द झाला, त्याला कोणाचा इलाज नाही. पण बदली डायव्ह दिला तो निघायच्या आदल्या संध्याकाळी, विमानापर्यंत अठरा तास भरतच नव्हते, आणि लागोपाठ डायव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी तेवढं थांबायचं असतं हे डायव्ह सेंटरवाल्याला आम्ही सांगायचं का? आम्ही नाही म्हटलं, तर रिफंड 'प्रोसेसमध्ये' आहे, अजून तिथेच आहे.

जायचं तर ऑक्टोबर ते मेच्या सुरुवातीपर्यंत, एन्ट्री परमिटचं आधीच बघा. दारू मिळत नाही, बंगारम बेटावरचा रिसॉर्ट सोडला तर सगळीकडे बंदी, आणि गाव मुसलमानांचं, साधं राहणारं, आपल्या कळंगुटसारखं शॉर्ट्सवर फिरू नका. मास घरी आणणार असाल तर दोन-तीन पिशव्यांत घट्ट बांधा, आमच्या पुढच्या सीटवरचा माणूस मोपा येईपर्यंत मागे वळून बघत होता.