व्ही-८ इंजिनासाठी एच-पाइप की एक्स-पाइप?

व्ही-८ इंजिनात व्ही आकारात दोन बाजूंना चार-चार सिलिंडर असतात. त्याचा क्रँकशाफ्ट (सिलिंडरमधले दट्टे फिरवतात तो मुख्य दांडा) क्रॉस-प्लेन, म्हणजे समोरून पाहता अधिक चिन्हासारखा असेल, तर तो दर ९० अंश फिरला की एक सिलिंडर पेटतो, पण एकाच बाजूचे चार सिलिंडर सारख्या अंतराने पेटत नाहीत. १-८-४-३-६-५-७-२ हा क्रम घेतला आणि विषम क्रमांक एका बाजूला असले, तर ५ आणि ७ लागोपाठ पेटतात, तर १ नंतर ३ ची पाळी यायला २७० अंश जावे लागतात. या इंजिनाची ओळख असलेली खोल घरघर याच विषमतेतून येते, आणि दोन्ही बाजूंच्या एक्झॉस्ट नळ्या (जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या) जोडणारा एच किंवा एक्स आकाराचा पाइप निवडताना ही घरघर कितपत राखायची, हेच प्रथम ठरवावे लागते.

एच-पाइपमध्ये आडव्या नळीतून दाब काही अंशीच पलीकडे जातो, त्यामुळे आवाजातला कर्कशपणा ओसरतो, पण घरघर कायम राहते. एक्स-पाइपमध्ये दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळतात, एका बाजूचा स्पंद (सिलिंडरमधून सुटणारा दाबाचा झोत) दुसऱ्या बाजूचा वायू ओढून घेण्यास मदत करतो आणि आवाज एकसलग, चढ्या पट्टीचा होतो. बाकीची एक्झॉस्ट तीच ठेवून दोन्ही वापरल्यावर माझे मत असे झाले की, एक्स-पाइपचा लाभ वरच्या आरपीएमलाच (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) जाणवतो. रोजच्या वेगात फरक पडतो तो कानाला. (शेजाऱ्यांच्या कानालाही!) रस्त्यावरच्या गाडीसाठी मी एच-पाइपच ठेवला आहे.

खरेदी करताना आकारापेक्षा घडण अधिक बारकाईने पाहावी. स्वस्त एक्स-पाइपमध्ये पुष्कळदा दोन वाकवलेले पाइप कापून एकमेकांना चिकटवलेले असतात आणि मधली खिडकी, म्हणजे दोन्ही पाइप एकमेकांत उघडतात ती जागा, इतकी अरुंद असते की प्रवाह मिसळण्याऐवजी अडतो; आत हात घालून वेल्डिंगचे उंचवटे तपासावेत. ४०९ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलवर वरवरचा गंज येतो, ३०४ प्रतीचे त्या मानाने चांगले टिकते. एच-पाइपची जागा ठरवण्यासाठी पाइपवर रंगाचा पट्टा मारून गाडी जोरात चालवण्याची आणि रंग जिथवर जळेल तिथे आडवी नळी जोडण्याची जुनी पद्धत आहे; मात्र गिअरबॉक्सखालची आडवी पट्टी आणि जमिनीपासूनचे अंतर बहुधा आपल्याला तेवढी मोकळीक देत नाहीत.

दोन बाजूंमध्ये ६० अंशांचा कोन असलेल्या नेहमीच्या व्ही-६ मध्ये (सहा सिलिंडरच्या इंजिनात) प्रत्येक बाजूचे स्पंद २४० अंशांच्या समान अंतराने येतात, त्यामुळे व्ही-८ची घरघर मिळेल या आशेने त्यावर एच-पाइप बसवणे व्यर्थ आहे. तिथे एक्स-पाइप निदान कर्कशपणा तरी कमी करतो.